कुमासीला स्थळ बघायला

स्थळ बघायला माणसं गडहिंग्लजला जातात, आजऱ्याला जातात, अगदीच हौस असली तर बेळगावला. आम्ही बहीणभाऊ घानाला निघालो.

झालं असं, की माझी भाची सई घानाच्या राजधानीत, अक्रात, औषधांच्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिथं तिला क्वामे नावाचा मुलगा आवडला. शाळेत गणित शिकवतो, घर कुमासी शहरात. सईनं हे फोनवर सांगितलं आणि गडहिंग्लजजवळ नेसरीत तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. दाजी फक्त म्हशीशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मला काय इमानात बसणं जमायचं न्हाय," दाजी म्हणाले. "हिला घेऊन जा. ही व्हय म्हणाली तर माझं व्हय. न्हाय म्हणाली तर विषय मिटला."

आक्का चुलीपाशी पाठमोरी बसली होती. म्हणाली, "घर बघितल्याबिगर मी कायबी बोलणार न्हाय." आणि तिनं ते खरं केलं. पुढचा महिनाभर तिच्या तोंडातून हो-नाहीचं एक अक्षर काढता आलं नाही.

तयारी माझ्या गळ्यात पडली. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथंच मी कचेरी थाटली. भिंतीवर नंबर तपासायचा तक्ता होता, त्याच्या शेजारी आफ्रिकेचा नकाशा लावला. डोळे दाखवायला आलेलं गिऱ्हाईक आधी नकाशा बघायचं, मग मला सल्ला द्यायचं. "चटणी न्या," हा सल्ला सगळ्यांनी दिला. "जाऊ नका," हा दोघांनी. शेजारचा झेरॉक्सवाला प्रत्येक कागदाची प्रत काढताना विचारायचा, "आणि पोरगा काळा असणार की ओ?" एकदा आक्का तिथंच बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "आरशात बघून सांग की, आपुन कोण गोरं हाय ते." त्या दिवसापासून प्रती मुकाट्यानं निघू लागल्या.

घानात पाय ठेवायचा तर पिवळ्या तापाची लस लागते. त्यासाठी पुण्याला गेलो. इंजेक्शन झालं, हातात एक पिवळी पुस्तिका आली, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं की ही दहा दिवसांनी लागू होते. मी विमानाची तिकिटं आठव्या दिवसाची काढून बसलो होतो. तारखा बदलताना माझा चेहरा कसा झाला असेल तो असो. आक्का एवढंच म्हणाली, "दिन्या, लग्नाची तारीख काढायची वेळ आलीच, तर तू काढू नकोस." मी मनात नोंद घेतली, की लग्न हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला. पण विचारायची हिंमत झाली नाही.

आम्ही मुंबईहून निघालो आणि अदिस अबाबाला विमान बदलून अक्रात उतरलो. दारातच 'अक्वाबा' (सुस्वागत) अशी मोठी पाटी. तपासणीच्या खिडकीत बसलेली बाई आक्काच्या डोक्यावरचा पदर आणि हिरवा चुडा बघतच राहिली.

"कुठून आलात, मम्मी?" तिनं विचारलं. वयानं मोठ्या बाईला तिकडं अशीच हाक मारतात.

"नेसरी," आक्का म्हणाली. जणू जगात नेसरी एकच आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बाईनं हसून शिक्का मारला. मी पाठांतर केलेलं इंग्रजी वायाच गेलं.

बाहेर सई उभी होती, शेजारी क्वामे. उंच, सडपातळ, डोळ्यांवर चष्मा. नंबर मी लांबूनच ताडला, उणे तीन. त्यानं आक्कासमोर मान झुकवली आणि बॅगा उचलल्या. सईनं सांगितलं, की इथं ज्या वारी मूल जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. क्वामे म्हणजे शनिवारचा, क्वासी म्हणजे रविवारचा. मी खूश झालो. आपल्या गावात काय वेगळं आहे? सोमा, मंगळू, बुधा एकाच आळीत सापडतात. आक्का म्हणाली, "शनवार. मारुतीचा वार." आणि चालू लागली. सई माझ्याकडं बघायची, मी आकाशाकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमासीला निघालो, तिथल्या ट्रोट्रोनं. ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप (माणसं भरल्याशिवाय न सुटणारी गाडी). मागच्या काचेवर देवाचं नाव, पुढं कुणाच्या तरी आईचे आभार, आणि दारात लोंबकळणारा माणूस "कुमासी, कुमासी, कुमासी" असा एका दमात ओरडतो. डोळे मिटले तर मी गडहिंग्लजच्या स्टँडबाहेर होतो. डोळे उघडल्यावर मात्र असा देखावा मी जन्मात पाहिला नव्हता. तांबडी लाल माती, तिच्यावर इतकी दाट हिरवी झाडी की सूर्यालाही वाट विचारावी लागेल. रस्त्याकडेला चटयांवर कोकोच्या बिया वाळत घातलेल्या. डोक्यावर दुकानंच्या दुकानं घेऊन ताठ मानेनं चालणाऱ्या बाया, आणि त्यांच्या कपड्यांचे रंग तर असे, की आपल्याकडं लग्नातसुद्धा नेसायला धाडस लागेल.

वाटेत चॉप बारमध्ये (रस्त्यावरची खाणावळ) जेवायला थांबलो. शेंगदाण्याची आमटी आली. चक्क दाण्याची आमटी, फक्त तिच्यात कोंबडी पोहत होती. सोबत फुफू, म्हणजे उकडलेला कंद आणि केळं कुटून केलेला मऊसूत गोळा. मी घास घेऊन चावायला लागलो. चावतोय, चावतोय, गोळा संपेना. खाणावळवाली पोट धरून हसली आणि सईला काहीतरी म्हणाली.

"मामा, चावायचं नसतं, गिळायचं," सई म्हणाली. "ती विचारतेय, तुमच्या दातांचं काही भांडण झालंय का?"

आक्का मात्र उठून मागच्या अंगणात गेली होती. तिथं एक बाई उभ्यानं मुसळ घालत होती. दुसरी उखळापाशी बसून, दोन घावांच्या मधल्या क्षणात हात घालून गोळा फिरवत होती. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या, गप्पा चालू होत्या. आक्का बराच वेळ बघत राहिली. "एकीचा हात दुसरीच्या भरवशावर हाय," ती म्हणाली. "आणि दोघी हसत्यात."

दुपारी कुमासीत क्वामेच्या घरी पोचलो. अंगणाच्या तीन बाजूंनी खोल्या, मधे आंब्याचं झाड, झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या. तिथं क्वामेची आई होती, दोन मावश्या होत्या आणि मधोमध त्याचा मामा. मामाला तिकडं 'वोफा' म्हणतात, आणि आता ऐका. त्या लोकांत वंश आईकडून चालतो, म्हणून घरातला मोठा शब्द मामाचा. सोयरीक, वाटणी, भांडण, सगळं मामापुढं. हा वोफा रविवारी जन्मलेला, म्हणजे क्वासी, आणि मीही रविवारचाच. आम्ही दोघांनी हात मिळवले तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. कोल्हापुरात मामाला फक्त खर्चात पुढं करतात.

आम्ही उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवला आणि बसलो. आता रीत अशी, की पाहुण्याला आधी पाणी द्यायचं. पाणी प्याल्यावरच वोफा विचारणार, "अमानिए?" म्हणजे, कोणत्या कामानं येणं केलंत. तोवर कामाचं बोलायचं नाही. मी बोलण्याची तालीम विमानातच करून ठेवली होती, हातवाऱ्यांसकट.

क्वामेच्या आईनं ताटात पेले आणले. पहिला आक्कापुढं धरला.

आक्कानं हात जोडले. "नको."

आईनं पुन्हा धरला. आक्कानं पुन्हा मान हलवली. मावश्या एकमेकींकडं बघू लागल्या. क्वामेनं चष्मा काढून पुसायला घेतला. वोफाचा चेहरा बदलला नाही, पण त्यानं हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली. पाणी नाकारणारा पाहुणा तिथं भांडायला आलेला समजतात, हे मला सईच्या डोळ्यांतल्या पाण्यानं सांगितलं.

"आक्के, घोटभर तरी घे," मी कुजबुजलो.

"गप बस. असं पाणी घेत्यात व्हय?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी उभा राहिलो. "रागावू नका," मी वोफाला म्हणालो. "आमच्या घरात जुनी रीत आहे. मुलीच्या सासरी, तिला मूलबाळ होईपर्यंत, तिची आई पाणीही पीत नाही."

सई ते इंग्रजीत सांगू लागली आणि अर्ध्या वाक्यात थांबली. वळून आईकडं बघत राहिली.

"आई. सासरी?"

आक्कानं पदर सारखा केला. मग झाडाकडं बघत म्हणाली, "मग काय म्हणू? परक्याचं घर असतं तर दोन पेले प्याले असते. तहान लागलीया मला."

सईनं उरलेलं वाक्य कसंबसं पुरं केलं आणि क्वामेनं ते आपल्या आईला आणि मामाला त्यांच्या भाषेत सांगितलं. मग वोफा हसू लागला, आधी खांद्यांनी, मग पोटानं, मग अख्खं अंगण. क्वामेच्या आईनं ताट बाजूला ठेवून आक्काचे दोन्ही हात धरले.

"उत्तर मिळालं," वोफा म्हणाला, "पण प्रश्न विचारल्याशिवाय आमच्यात चालत नाही. आणि पाणी प्याल्याशिवाय प्रश्न विचारता येत नाही. कुणीतरी प्या."

मामाला कसली बंदी? आक्काचा आणि माझा, दोन्ही पेले मी प्यालो. वोफानं विचारलं, "अमानिए?" आणि मी, ज्यानं विमानात तासभर तालीम केली होती, तो एवढंच म्हणालो, "ही पोरगी तुमच्या पदरात घालायला आलोय."

"घाई करू नका," वोफा म्हणाला. "मागायला आम्ही यायचं असतं. आम्ही तुमच्या दारात येऊन दार वाजवणार. तुम्ही आतून विचारायचं, कोण आहे. दार वाजवल्याशिवाय आमच्यात लग्न होत नाही."

परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो. कागद, लस, तिकिटं, एवढी आखणी करून आपण परमुलूख बघायला जातो, आणि तिथं आपल्याच माणसाच्या मनात काय चाललंय ते कळतं. आक्काला मी पन्नास वर्षं ओळखतो. ती हो कसं म्हणते, हे मला कुमासीत समजलं.

नेसरीत आल्यावर पुढच्या सोप्यात बसून सगळं सांगितलं, थोडं वाढवून. दाजी तंबाखू मळत ऐकत होते. वोफाचा निरोप सांगितल्यावर त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी दाराकडं बघितलं. ते दार पहाटे उघडतं ते निजायच्या वेळी लागतं. दिवसभर माणसं, कोंबड्या, वारा, कुणीच विचारून आत येत नाही.

"आपलं दार तर उघडंच असतंय," दाजी काळजीनं म्हणाले. "पावणी वाजवणार काय?"

"त्या दिवशी लावून घ्यायचं," आक्का म्हणाली. "आणि आतनं तुम्ही विचारायचं, कोण हाय म्हणून. आजपासनं म्हणून बघा."