राब न भाजलेलं वर्ष

लोक मला आजही राबाबद्दल विचारतात आणि मला आजही राग येतो. नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कृषी महाविद्यालयात शिकवायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात एकच खूळ होतं: घोटीकडचे लोक राब भाजतात, ते बंद पाडायचं. राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. उन्हाळ्यात तिच्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरायच्या आणि पेटवून द्यायचं. पाऊस आला की त्या राखेत भात पेरायचं आणि रोप वाढलं की उपटून खाचरात लावायचं, म्हणजे आवणी करायची. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. झाडं ओरबाडायची, शेणासारखं खत जाळायचं, आणि वर म्हणायचं की आमचे बापजादे असंच करत आले! मी कॉलेजच्या शेतात तीन हंगाम प्रयोग केले. न भाजलेल्या वाफ्यात कुजलेलं शेणखत घातलं, तर रोप भाजलेल्याच्या तोडीस तोड आलं. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली, आणि मी हवेत चालायला लागले.

आमच्या विभागप्रमुखांच्या बुटाला चिखल लागलेला मी कधी पाहिला नाही. पण माझ्या प्रत्येक लेखावर माझ्या आधी त्यांचं नाव असायचं. त्यांना विद्यापीठाची शिफारस हवी होती, म्हणजे शेतकऱ्यांनी अमुक करावं असं छापून काढायचं. त्यासाठी एक हंगाम शेतकऱ्याच्या रानात प्रयोग लागतो. "एखादी गरीब बाई बघा," ते म्हणाले. "वाद घालणार नाही." माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर येऊन मी सहकाऱ्यांसमोर त्यांचा उद्धार केला. आणि मग नेमकी तशीच बाई शोधली.

घोटीच्या पुढे, एसटी जिथे थांबते तिथून तासभर चढ चढला की तिचा पाडा लागायचा. पन्नाशीची असेल. नवरा गेलेला, घरात एक लग्नाची मुलगी आणि म्हातारी सासू. वर्षभर खायचा तांदूळ दोन खाचरांत पिकायचा, आणि ती दोन खाचरं त्या एका राबाच्या रोपावर अवलंबून. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. माझं म्हणणं तिने शांतपणे ऐकून घेतलं. फांद्या डोक्यावरून वाहून तिची मान दुखायची, त्यामुळे ते काम वाचेल हे तिला पटलं. तिने एकच विचारलं, "आन गवत?"

"गवताचं काही नाही हो मावशी," मी म्हणाले.

"निम्मा भाजते, निम्मा तुमच्या सांगन्यावानी करते."

"अर्ध्यामुर्ध्यानं काही कळत नाही. करायचं तर सगळं करा."

आज ही वाक्यं आठवली की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. शेजारच्यांचे भाजलेले राब तुलनेला होतेच, तेव्हा तिचा निम्मा राब काळा झाला असता तरी माझ्या प्रयोगाचं काही बिघडलं नसतं. मला फक्त वहीत सलग, देखणा प्लॉट हवा होता. तिने मान डोलावली.

जुलैच्या सुरुवातीला मी पुन्हा गेले. राबात भात कुठलं आणि गवत कुठलं ते कळत नव्हतं. दोन्ही सारख्याच उंचीचं, सारखंच हिरवं. माय आणि लेक डोक्यावर घोंगडी घेऊन चिखलात गुडघ्यावर बसून एकेक काडी बोटांनी चाचपत होत्या. गवत उपटताना भातही निघत होतं. बारा दिवस त्या दोघी तेच करत होत्या. सासू दारातून मला म्हणाली, "बरं केलंस गं बाई!" मला तोंड लपवायला जागा नव्हती. शेजाऱ्यांच्या राबात रोप लख्ख उभं होतं, त्यांची आवणी सुरू झाली होती. भाजलं की गवताचं बी जळतं, म्हणून ते भाजत होते. इतकं साधं होतं! ते त्यांना बापजाद्यांनी सांगितलं होतं आणि मला कुणीच नाही.

तिला एका खाचराला पुरेल एवढंच रोप निघालं. दुसरं खाचर तसंच पाण्यात पडून राहिलं. शेजाऱ्यांनी उरलेल्या रोपाच्या चार जुड्या दिल्या, त्याही उशिरा. दिवाळीनंतर मुलगी दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामावर गेली.

पण कॉलेजच्या शेतात गवत का नव्हतं? मी रोजंदारीवरच्या मजूर बायकांना विचारलं. तीन हंगाम त्याच माझ्या वाफ्यांवर होत्या. त्या हसल्याच. "नव्हतं कुठं मॅडम? दर सोमवारी आम्ही आठ जणी त्याच वाफ्यांत बसायचो. कंबरडं मोडायचं. भाजलेल्यात कायच नसायचं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी मंगळवारी यायच्या."

प्रबंधात मी लिहिलं होतं, 'सर्व वाफ्यांची नेहमीप्रमाणे निगा राखली.' त्या एका ओळीत आठ बायका गायब झाल्या होत्या. हजेरीपुस्तकात त्यांची नावं होती, पण कामाच्या रकान्यात त्या 'इतर कामे' होत्या. ही चूक अडाणी माणूस करणार नाही. त्यासाठी चांगलं शिकावं लागतं.

मी तडक विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी माझा अहवाल वाचला आणि पेनचं टोपण काढलं. "शेतकरी महिलेने तंत्र नीट पाळले नाही, असं लिहा."

"तिनं तंत्र पाळलं म्हणूनच वाटोळं झालं."

"मॅडम, तुमच्या बढतीची फाइल वर गेलीय. डॉक्टरेटही याच विषयात आहे ना? स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय." मी भांडले, दार आपटलं, दुसरा अहवाल थेट विद्यापीठाकडे पाठवला. तो कुठे मुरला ते देवाला माहीत. शिफारस मंजूर झाली. छापील पुस्तिकेवर त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं.

पुढच्या उन्हाळ्यात घोटीला शेतकरी मेळावा भरला. मांडवात विभागप्रमुख राब न भाजण्याचे फायदे सांगत होते. मधेच ती बाई उठली. "आमी नाय भाजला. गवतानं खाल्लं सगळं."

"तुमच्याकडून काहीतरी राहिलं असेल बाई," ते हसून म्हणाले. "आमच्या मॅडम सांगतील." आणि माईक माझ्याकडे सरकवला.

मी सगळं सांगितलं. कॉलेजचं शेत, सोमवार, आठ बायका, माझा प्रबंध. यांचं काहीही राहिलं नाही, चूक माझी आहे, पुस्तिका घरी नेऊ नका, असं म्हणाले. विभागप्रमुखांनी माईक हिसकावून घेतला, तोवर उशीर झाला होता. बढती गेली. पुढची कितीतरी वर्षं, दोन हजार सालानंतरही, मला प्रयोगाचं शेत मिळालं नाही. परीक्षेचे पेपर आणि वसतिगृहाच्या तक्रारी मिळाल्या. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पण त्या दुपारी स्टेजवरून उतरताना मला एवढं मोकळं वाटत होतं! मी सरळ तिच्याकडे गेले. ती माझा हात धरेल, निदान "बरं बोललात" म्हणेल, अशी माझी खात्री होती.

ती पदर खोचत होती. "म्हंजी गवताचं तुमाला ठावंच नव्हतं?"

"नाही मावशी. खरंच नव्हतं माहीत."

"मी इचारलं तवा 'ठाव नाय' म्हनायला काय झालं व्हतं?"

आणि ती आपल्या पाड्यावरच्या बायकांबरोबर एसटीकडे चालू लागली. राब भाजायचे राहिले होते, त्यांना घाई होती.