सर्वपित्रीची कोंबडी

धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यातले खुशालराव चाळीस वर्षं विहिरी खोदत आले. काळा दगड, हातभर लाल पट्टा, पुन्हा काळा दगड, हा क्रम त्यांना पाठ होता. एकदा अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या चारुता मॅडम त्यांच्या विहिरीत उतरल्या. काळा थर म्हणजे थिजलेला लाव्हा, त्या म्हणाल्या, आणि लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे तयार झालेली माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच सुमारास आकाशातून एक अशनीही आदळला आणि डायनासोर संपले. दोष कोणाचा किती, यावर अजून वाद आहे. आपली कपाशीची जमीन मात्र याच दगडाची झाली.

खुशालरावांनी हातातली पहार खाली ठेवली आणि विचारलं,

"मंग त्यायले कोणी पाणी देल्लं का?"

पाणी म्हणजे तर्पण, हे मॅडमना कळायला वेळ लागला. कोणीच दिलं नाही, त्या म्हणाल्या.

मग त्या डायनासोरांचं पित्र आपण घालायचं, असं खुशालरावांनी ठरवलं. चिंतामण गुरुजींनी गोत्र विचारलं. ठाऊक नसलं तर काश्यप म्हणतात, आणि पुराणात साप, पाखरं सगळी कश्यपाचीच लेकरं, तेव्हा गुरुजींची काही हरकत नव्हती. पंचाईत झाली खुशालरावांच्या बायकोची, इंदूबाईंची. त्यांनी मॅडमना फोन करून पाहुण्यांचं खाणं विचारलं. काही पाला खायचे, काही एकमेकांना. इंदूबाईंनी वडे, कढी, खीर केली, हिरव्या चाऱ्याचा एक भारा आणवला आणि बाकीच्यांनी एक दिवस सोसावं म्हणाल्या.

सर्वपित्री अमावास्येला टिनाच्या छपरावर पान ठेवलं. कावळा फिरकला नाही. तासाभरानं शेजारच्या गोवर्धनची कोंबडी वर चढली आणि वडा खाऊन गेली. हे चालतं का, यावर अंगणात वाद पेटला. शेवटी मॅडमना पुन्हा फोन गेला. सगळीच पाखरं डायनासोरांची वंशज, त्या म्हणाल्या. कावळा जितका जवळचा, तितकीच कोंबडी.

"म्हणजे घरचंच कोणी येऊन जेवलं," गुरुजी म्हणाले, आणि पानावर बसले.

गोवर्धनचा त्या रविवारचा रस्सा राहिला तो राहिलाच. कोंबडीला हात लावायची त्याची छाती होईना. पुढच्या वर्षी तर तीन घरांनी आपापल्या पित्राला तिलाच बोलावणं धाडलं. तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत तिचं पोट भरलं होतं. ती पानाशेजारीच डोळे मिटून बसली, आणि ती उठेस्तोवर घरचे सगळे हात जोडून उपाशी उभे राहिले.