भिंतीपाशी ओतलेलं दूध

तुमच्या मासिकातले भुताखेतांचे अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. कुणाला पिंपळावर काही दिसतं, कुणाला विहिरीत. आमच्या गल्लीतल्या बायका कडुलिंबावर हडळ बसते म्हणायच्या, तेव्हा मी भर दुपारी जाऊन खाली पडलेली घुबडाची पिसं आणून दाखवली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही पुरता बसलेला नाही. पण एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली आहे. पुढच्या महिन्यात माझी नात पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे अकोल्याला येते आहे, आणि ती गोष्ट आता मला झोपू देत नाही. लिहायला मी उशिरा, पोरांच्या पाटीवर शिकले, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. गोष्ट अंगावरच्या दुधाची आहे. पुरुष वाचकांनी पान उलटलं तरी माझी हरकत नाही.

माझं माहेर अमरावतीचं. बाबांचा कापसाचा धंदा. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेला कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आलेला. आगगाडीचे रूळ अजून अकोल्यापर्यंतही आले नव्हते. गाड्यांच्या रांगा दिवसभर खामगावच्या वाटेला लागलेल्या असायच्या. आमच्या मागच्या अंगणाला लागून बाबांनी लांबलचक छपरी घातली होती. तिथे तीस-चाळीस बाया चरक्यांवर कापसातून सरकी वेगळी करत बसत. चरक्यांची करकर सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीलाच थांबायची. घरभर रुईचे तंतू. पाण्याच्या घोटात, पोळीत, पापणीवर. मी माघात माहेरी आले आणि फाल्गुनात मला मुलगी झाली.

आमच्याकडे तेव्हा रीत होती, पहिले तीन दिवस आईचं दूध लेकराला द्यायचं नाही. ते जड, बाधतं म्हणत. भागामाय म्हणून आमची सुईण होती. ती ते पिवळसर दूध वाटीत पिळून काढायची, आणि लेकराला गुळाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून चोखायला द्यायची. काढलेलं दूध पायदळी येऊ नये म्हणून माझी माय ते मागच्या अंगणात, छपरीच्या कुडाच्या भिंतीच्या बुडाशी ओतून यायची. तीन दिवस, दिवसातून दोनदा.

चौथ्या दिवशी मुलीला अंगावर घेतलं तर तिला धरताच येईना. छाती दगडासारखी झालेली, ताणून चकाकणारी. ती तोंड लावायची, घसरायची, रडायची. बोंडांना चिरा पडल्या. दर वेळी ती तोंड उघडायची आणि मी दात आवळायची, लेकराला जवळ घ्यायची मला भीती वाटायला लागली. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एरंडाची पानं गरम करून बांधली, ऊन पाण्याच्या तांब्याने शेकलं, अंगात ताप भरला. संध्याकाळपर्यंत मुलगी रडायची थांबली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"गाठी झाल्या बाप्पा," भागामाय म्हणाली. "हे तान्हं का वढते. जोरदार तोंडाचं लेकरू लावा लागते, दोन दिवसात मोकळं होते. छपरीतल्या एखादीले धाडून देतो."

माय घुटमळली. "छपरीतली? कोनाची कोन..."

"तोंडाले जात नसते वं," भागामाय म्हणाली आणि निघून गेली.

पाचव्या दिवशी दुपारी, माय चुलीपाशी असताना, मागच्या दारानं एक बाई आत आली. काळीसावळी, हनुवटीवर विंचवाचं गोंदण, केसांत रुई. पोटाशी गोणपाटात गुंडाळलेलं लेकरू. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, भागामायनं धाडलेली. तिनं लेकरू माझ्या डाव्या बाजूला दिलं.

त्याला काही वजनच नव्हतं. कापसाचा पेळू हातात घ्यावा तसं. आणि तोंड गार, रांजणाखालच्या वाळूसारखं. मी दात आवळले, पण दुखलं नाही. आत काहीतरी सुटलं, आणि दूध उतरलं. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. लेकरू उघड्या डोळ्यांनी पीत होतं आणि तेवढा वेळ त्यानं एकदाही पापणी मिटली नाही. ते मला तेव्हा दिसलं होतं. पण दुखणं थांबलं की माणूस बारकावे विचारत नाही.

त्या संध्याकाळी माझ्या मुलीनं उजव्या बाजूला पहिल्यांदा चार घोट घेतले. मायनं देवापुढे साखर ठेवली.

बाई दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही. दर वेळी ती जास्त वेळ थांबायची. आणि माझ्या ध्यानात आलं की ते लेकरू डावीकडे पीत असताना उजवी बाजूही रिकामी होते आहे. ती गेली की मुलीसाठी थेंब उरायचा नाही. तिसऱ्या संध्याकाळी माझी मुलगी नुसती पडून होती. ओठ सुकलेले, टाळू आत गेलेली.

आठव्या दिवशी सकाळी भागामाय आली. वलगावला एक अडलेली बाळंतीण होती, तिथे ती तीन दिवस अडकली होती. आल्या आल्या म्हणाली, "माफ कर वं सकू, घाईत कोनाले धाडाचंच राहून गेलं."

मी म्हटलं, "येऊन राहिली ना एक. विंचवाचं गोंदण हाय हनुवटीवर."

भागामाय खालीच बसली. मायच्या हातातलं भांडं तिथल्या तिथे राहिलं.

मग कळलं ते असं. पौषात बाळापूरकडून एक बाई कामाला आली होती, पोटाशी चार दिवसांचं लेकरू घेऊन. हंगाम जोरात, घरी बसली तर तिच्या जागेवर दुसरी तयार. ती चरकीवर बसली. अंगावरचं दूध आटलं. लेकरू रुईच्या ढिगाशी निजल्या जागी गेलं, आणि चार दिवसांनी तीही. मुकादमानं दोघांना गपचूप उचललं. चरक्या काही थांबल्या नाहीत.

"त्याच भिंतीशी बसे थे," भागामाय मायकडे बघत म्हणाली. "अन् तुमी तीन दिवस तथीच दूध वतलं. बलावल्याबिगर कोनी येत नाई, बाई."

दुपारी त्या दोघींनी मागच्या दाराला कडी घातली आणि माझ्या बाजेच्या दोन बाजूंना बसल्या. ती आली. कडी वाजली नाही, दार हललं नाही, ती आत होती. त्या दोघींना दिसली नाही. माझ्या मांडीवर माझी मुलगी होती, मान टाकलेली.

मी हात जोडले. माझ्या तोंडून घरातली बोलीच आली. "बाई, माहं लेकरू मरून राहिलं. आज तिले पेऊ दे. तिचं झाल्यावर उरलं थे तुहं."

ती पहिल्यांदा बोलली. आवाज साधाच होता, चरकीपुढे बसून घसा कोरडा झालेल्या कुठल्याही बाईसारखा. "उरलंसुरलंच मांगतलं होतं वं मी," ती म्हणाली. "तुह्या मायले."

आणि भिंतीला टेकून बसली. वाट बघत.

मुलीनं उजवीकडे तोंड लावलं. आधी नुसतं लावलं, मग ओढलं, मग घटाघटा प्यायली. ती झोपेपर्यंत मी हललेसुद्धा नाही. मग मी डावा हात उघडला, कुशीत लेकरू घ्यावं तसा. कुणी सांगितलं नव्हतं. त्या गार तोंडाची भीती वाटत होती, तरी उघडला. भागामाय नंतर शपथेवर सांगायची की तिनं हात लावून पाहिलं, पदर कोरडा होता आणि डावी बाजू तिच्या तळव्याखाली हळूहळू सैल पडत गेली.

बाई काय बोलली ते मी मायला सांगितलं. मायनं पदर तोंडाशी धरला.

"आल्ती," ती म्हणाली. "मांगच्या दारी. वाटीभर म्हशीचं दूध मांगत होती लेकरासाठी, उरलंसुरलं. सकाळची घाई होती, तुहे बाबा उभे होते. मी म्हनलं, दुपारून ये."

त्यानंतर मायनं मरेपर्यंत रोज दुपारी त्या भिंतीपाशी वाटीभर दूध ठेवलं.

माझी मुलगी जगली. चांगली तिखट निघाली, माझ्यावर गेली. पुढची चार बाळंतपणं मी सासरी अकोल्यातच केली. तिथे छपरी नव्हती, ती भिंत नव्हती. तरी प्रत्येक वेळी, पाचव्या दिवसापासून, दुपारी डावी बाजू आपोआप हलकी व्हायची. दिसलं कधी काही नाही. मी तेवढा वेळ लेकराला उजवीकडे घ्यायची आणि डावा हात मोकळा ठेवायची. माझ्या मुलीला मी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. तिच्या पहिल्या बाळंतपणात तिनं आपण होऊन विचारलं, "माय, दुपारी डावीकडचं दूध जाते कुठं?" इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, एक बाजू कमी-जास्त असते, चालायचंच. असेलही. मला याचा उलगडा तेव्हा झाला नाही आणि आता होईल असं वाटत नाही.

आता नात येते आहे. तिला सांगावं की नाही, माझं ठरत नाही. सुनेला मात्र एवढं सांगून ठेवलं आहे, की पोरीचं दूध पहिल्या दिवसापासून पोरीच्या लेकरालाच द्यायचं, एक थेंब बाहेर ओतायचा नाही. नवं बोलावणं नको. पण मागच्या दाराची कडी मी सुताराकडून काढून घेतली आहे. दुपारून ये, असं आमच्या घरानं एकीला सांगून ठेवलेलं आहे.