निष्काळजी धुलाई

नॉर्वेतल्या बर्गनच्या सागरी प्रयोगशाळेत गुडवेग त्वेइतेन सव्वीस वर्षं बाटल्या आणि गाळणीची फडकी धूत होती. सोडा, साबण आणि तीनदा उकळतं पाणी. त्यात कधी कसूर नाही.

१९५६च्या हिवाळ्यात प्राध्यापक र्यूनिंगेननी फडक्यांसाठी बाजारात आलेली नवी पावडर मागवली. "सोडा बंद करा आता, ही वापरा," त्यांनी फर्मावलं. महिन्याभरात त्या फडक्यांतून गाळलेला समुद्री शेवाळाचा अर्क अतिनील दिव्याखाली निळा चमकू लागला. शेवाळात नवंच द्रव्य सापडलं म्हणून प्राध्यापकांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले.

एकदा दिवा चालू असताना गुडवेग फरशी पुसायला आत गेली, तर तिचा एप्रनही तसाच निळा उजळला. तो तिने त्याच पावडरीने धुतला होता.

"साहेब, ही चमक शेवाळाची नाही, पावडरीची आहे. माझा एप्रन बघा की."

"बाई, तुम्ही आपली फरशी बघा," प्राध्यापक म्हणाले. बाकीचे हसले. तिने फरशी पुसून काढली आणि बादली उचलून बाहेर गेली.

दीड वर्षाने कोपनहेगनच्या एका संशोधिकेने तेच शेवाळ काचेच्या गाळणीतून गाळलं. चमक नव्हतीच. पावडरीत कपडे उजळवणारं रसायन होतं, ते फडक्यांतून अर्कात उतरत होतं. प्राध्यापकांना शोध मागे घेत असल्याचं पत्र शास्त्रीय नियतकालिकाला लिहावं लागलं. टायपिस्ट आल्फहिल्डने ते गुडवेगला गुपचूप दाखवलं. त्यात लिहिलं होतं, 'धुलाईतील निष्काळजीपणामुळे'.

गुडवेग ओल्या हातांनीच त्यांच्या खोलीत शिरली.

"निष्काळजी कोण, साहेब?"

"तुमचं नाव कुठे घेतलंय?"

"इथे धुणारी मी एकटी. नाव कशाला घ्यायला हवं? पावडर तुम्ही मागवलीत. मी सांगायला आले, तर मला फरशी दाखवलीत. ही ओळ असेपर्यंत मी इथलं एक फडकंही धुणार नाही."

तीन दिवस मोरीत बाटल्यांचा ढीग साचला. कामं अडली तसे सहकारीच प्राध्यापकांच्या मागे लागले. चौथ्या दिवशी पत्र नव्याने टाईप झालं: 'प्रयोगशाळेने निवडलेल्या पावडरीमुळे'.

तिने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

"आणि मी आधी सांगितलं होतं, ते?"

"ते शास्त्रीय पत्रात बसत नाही," प्राध्यापक खिडकीकडे बघत म्हणाले.

त्यानंतर गुडवेगने तिथे नऊ वर्षं नोकरी केली. फडकी पूर्वीसारखीच सोड्यात उकळली. र्यूनिंगेन जिन्यात भेटले, की मात्र ती त्यांच्या 'सुप्रभात'ला उत्तर न देता पुढे निघून जाई.