वहिनींकडे द्या

इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला 'तुला डोंगर चढणं जमणार नाही' असं सांगायला हिंमत लागते. वहिनींच्या घरात ती प्रत्येकाकडे होती.

वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना इस्त्री करायच्या. दीर-नणंद सोडाच, कारखान्यातला सुपरवायझरसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचा. आणि या वहिनींचा उपयोग काय, हे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. समुद्रावर गेलं की मंडळी पाण्यात, घड्याळं वहिनींकडे. जत्रेत पाळण्यात बसायचं तर चपला नि पर्सा वहिनींकडे. घरातल्या लग्नाच्या फोटोत त्या नाहीत, कारण सगळ्यांच्या पिशव्या धरून बाजूला उभ्या! खुंटीलासुद्धा कधी रिकामं राहायला मिळतं हो.

म्हणून नवरा, दीर आणि नणंद डोंगरावर निघाले तेव्हा वहिनींनी आधीच बजावलं, "मी येणार, आणि अगदी शिखरापर्यंत येणार."

"ये की, कोण नको म्हणतंय?" नवरा म्हणाला.

सकाळभर त्या दगडाधोंड्यांतून चढल्या. दीर जागोजागी धापा टाकत बसला, त्याला कुणी हूं की चूं केलं नाही. वहिनी क्षणभर टेकल्या की लगेच, "दमलात ना?"

शेवटचा टप्पा म्हणजे उभा खडक. हातांनी धरून चढायचं, पाठीवर ओझं नको. दीर म्हणाला, "बॅगा वहिनींकडे द्या." बघता बघता त्यांच्या पायाशी ढीग झाला.

"अहो, मीही येतेय ना?"

"अगं, वर काय ठेवलंय? नुसते दगड. आम्ही आलोच, तू बस निवांत."

आणि गेलेसुद्धा!

थोड्या वेळाने वरून हसण्याचे आवाज आले, तशी वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसते दगड बघायला ही माणसं पहाटे उठली होती होय? मग बसा ना तुम्हीच खाली! त्यांनी बॅगा एका कपारीत कोंबल्या, ओढणी कमरेला खोचली आणि खडकाला हात घातला. गुडघा सोलवटला. एकदा खाली नजर गेली, तसा त्यांनी खडक आणखी घट्ट धरला. हात द्यायला कुणी नव्हतं. भीती वाटत होती, पण राग तिला पुरून उरला.

त्यांचं डोकं वर दिसताच नवरा ओरडला, "अगं, बॅगा कुठेयत?"

लागलं का, नाही. कशी आलीस, नाही. बॅगा!

"खाली."

"आणि पाणी?"

"बॅगेतच."

"वहिनी, कुणी उचलून नेल्या म्हणजे?" दीर म्हणाला.

"मग जा आणि सांभाळा. मी आत्ता कुठे आलेय."

नणंदेने बूट बघितले, दिराने आभाळ. शेवटी नवराच खडकाला पोट लावून उतरू लागला. घसा वहिनींचाही कोरडा पडला होता. नवऱ्याने मध्येच थांबून वर पाहिलं, ही आता 'राहू द्या, मी जाते' म्हणेल म्हणून. वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या.