पाळीने झोपणाऱ्यांचे जेलर

"थोडं सरका ना भाऊ," हे वाक्य आमचे जेलरसाहेब दिवसातून किती वेळा म्हणत, कोण जाणे. नवा कैदी आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते बराकीच्या दारात उभे राहत आणि आतल्यांना असं विनवत, जणू लग्नाच्या पंगतीत पाहुणा बसवत आहेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला मी नुकतीच वकिली सुरू केली होती. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी तिकडचे कैदी आमच्याच जेलात येत. बराकीत माणसं पाळीने झोपत. कितीतरी जण जंगलातले. बांबू तोडला, मोहाची दारू काढली, एवढ्यासाठी आलेले. जामीन मंजूर होई, पण जामीनदार म्हणून उभं राहायला शहरात ओळखीचं कोण?

"वकीलबाई, मले मोठी बराक नाई पाहिजे," साहेब म्हणत. "यायले घरं आहेत ना! घरी जाऊ द्या."

एकदा तपासणीला न्यायाधीश आले. साहेबांनी त्यांना ऑफिसात न बसवता थेट बराकीत नेलं. खुर्ची मागवली, पण ती ठेवायला जागाच सापडेना. न्यायाधीश घामाघूम होऊन उभेच राहिले. त्यानंतर ते काही जणांना जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडायला तयार झाले. पहिला सुटला एटापल्लीकडचा एक गोंड म्हातारा.

"तारखेले येईन तो. मी सांगतो," साहेब कोर्टात म्हणाले.

म्हातारा आला नाही. "आता बाकीच्यांचं कठीण आहे," न्यायाधीश म्हणाले. साहेबांनी रजा टाकली, एटापल्लीची बस धरली, पुढे जंगलातून पायी गेले. परतले ते म्हाताऱ्याला घेऊनच.

"का आला नाहीस?" न्यायाधीशांनी विचारलं. साहेबांनी मोडक्यातोडक्या गोंडीत प्रश्न पोचवला, उत्तर ऐकलं आणि चाचरत म्हणाले, "मोहाची फुलं पडून राह्यली होती म्हणते, साहेब. वेचायची टाकून कसा येऊ?"

न्यायाधीशांनी हसू लपवायला मान खाली घातली. बाकीच्यांची सुटका थांबली नाही.

पावसाळ्याआधी एका दुपारी साहेबांनी मला बराकीच्या दाराशी नेलं. "पाहा बाई, सारेच पाय लांब करून झोपले," ते कुजबुजले. कोणाची झोप मोडू नये म्हणून आम्ही हळूच मागे फिरलो.

मग त्यांची बदली झाली. पुढच्या उन्हाळ्यात तो म्हातारा तारीख नसताना कोर्टात आला. हातात मधाचं मडकं. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने विचारलं, "जेलरसाहेब कुठी?"

"नाशिककडे गेले, बाबा. लय दूर," मी म्हणाले.

त्याने मडकं खाली ठेवलं नाही. थोडा विचार करून म्हणाला, "तिथी बस जाते काय?"