दारावरचा लाल कागद

त्या दिवाळीला बाकीचे गावी गेलेले, अंबरनाथच्या चाळीत आम्ही चौघंच होतो. मी, सासूबाई, माझी लहानगी शकू आणि चीनमध्ये राहून चिनी शिकून आलेला समोरचा भाडेकरू. माणूस वाटीभर साखरसुद्धा तिकडच्या रीतीने दोन्ही हातांनी द्यायचा, म्हणून माझा त्याच्यावर संशय. त्याने आपल्या दारावर लाल कागद चिकटवला, त्यावर एक काळं चिनी अक्षर. त्याच दिवशी शकूला ताप भरला.

"करणी हाय ती. फाड," सासूबाई म्हणाल्या.

मी कागदाला हात घातला तोच तो बाहेर आला.

"वहिनी, 'सुख' लिहिलंय. तिकडे दिवाळीला मी रांगोळी काढली, तर शेजारच्या म्हातारीने करणी समजून तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं."

"मग?"

"रांगोळीची वाटी तिच्याच हातात दिली. तिने रांगोळीनेच मासा काढला. तिकडे मासा म्हणजे भरभराट."

कागद मी फाडला नाही. पण शकूचा ताप उतरेस्तोवर माझा डोळा त्याच्यावरच होता.

तुमचं कोणी परदेशात शिकत असेल तर त्याला एवढं सांगा, रांगोळी काढायच्या आधी शेजारणीला बोलव.